पूर्वेस रस्ता

“आजी, इथे अंगठा लावा आणि मोकळ्या व्हा.” एजंटने खरेदीखताशेजारी शाईचा पॅड ठेवला.

“आधी वाचते,” मी म्हणाले. “साठीनंतर अक्षरं शिकले ती काय उगाच?”

तीस वर्षं भाड्याने राहिले ते घर आज मी विकत घेत होते. घरमालक हसले. “तुमचं वाचून होईतो निबंधकसाहेब निवृत्त होतील!”

“होऊ देत. पेन्शन मिळेल त्यांना.”

एकेका शब्दावर बोट ठेवत चतुःसीमेपर्यंत आले आणि थांबले. “पूर्वेस रस्ता? माझ्याकडे सकाळचं ऊन परसातून येतं. रस्त्यावरून येतं ते संध्याकाळचं. हे घर माझं नाही.”

मालकांनी कागद ओढून घेतला. “अरे, ही तर भाच्याला विकलेल्या समोरच्या घराची चतुःसीमा!” एजंटने जुन्या खतावरून मजकूर उतरवला होता, चारही दिशांसकट.

दुपारी नवा कागद आला. तोही पहिल्या ओळीपासून वाचला. या वेळी कोणी घाई केली नाही. मग ठसठशीत सही केली.

उठू लागले तर मालक हळूच म्हणाले, “आजी, भाच्याचं खतही यानेच केलंय. उद्या आणतो, तेवढं वाचाल का?”