लाल ठिपके

कुंडीतला पालक खाणाऱ्या गोगलगायी मी रोज सकाळी वेचायचे आणि भिंतीपलीकडे भिरकावायचे. दुसऱ्या दिवशी कुंडीत पुन्हा तेवढ्याच हजर. शेवटी मी त्यांच्या शंखांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले, तेव्हा कुठे चोर सापडला. पलीकडे एकटे राहणारे मास्तर माझ्याच गोगलगायी मला साभार परत पाठवत होते. एकदा तर लाल ठिपक्याशेजारी स्वतःचा हिरवा ठिपका देऊन.

आमचं बोलणं केव्हाच बंद झालं होतं, पण ही देवाणघेवाण कधी चुकली नाही.

या आठवड्यात मात्र एकही परत आली नाही. पालक चांगला तरारला.

"दमले तुझे मास्तर. जिंकलीस एकदाची," नवरा म्हणाला.

मी हसले खरी, पण नजर त्या स्वच्छ कुंडीवरून हटेना. पालक तसाच टाकून मी त्यांच्या फाटकातून आत गेले. दाराला आतून कडी होती. कितीतरी हाका मारल्या.



उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या, आणि चपलांवर निवांत बसल्या होत्या माझ्या लाल ठिपक्यांच्या गोगलगायी.