स्वतंत्र दिसा की!
सिगारेटच्या जाहिरातीची मॉडेल आयत्या वेळी आलीच नाही, म्हणून साहेबांनी ऑफिसच्या टायपिस्टबाईंनाच दिव्यांपुढे उभं केलं. मागच्या फलकावरची ओळ बाईंनीच सतरा वेळा टाइप केली होती: ‘आता कुणाचंही ऐकू नकोस!’ समोर पाच पुरुष हुकूम सोडत होते. “हनुवटी वर.” “हसा, पण दात नकोत.” साहेब करवादले, “बाई, जरा स्वतंत्र दिसा की! सांगतोय तशी ओढा.” पहिल्याच झुरक्याला बाईंना असा ठसका लागला की काजळ पार हनुवटीपर्यंत ओघळलं. “तुम्हीच ओढून दाखवा ना, साहेब.” साहेब ओशाळले. “छे हो! आमच्या हिला वाससुद्धा खपत नाही.” बाईंनी वळून फलक पुन्हा वाचला, सिगारेट साहेबांच्या चहात विझवली आणि पर्स उचलली. “अहो, थांबा! निघालात कुठे?” “ओळ झकास जमलीय, साहेब,” बाई दारातून म्हणाल्या, “लगेच गुण आला.”