माफीचे दिवस

बहिणीनं, फ्रेडानं, ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून ज्यू धर्म पाळणारा लाझर एकाच मेलबर्नमध्ये राहूनही तिच्याशी कधी बोलला नाही. या हिवाळ्यात फ्रेडा गेली, तेव्हा दफनालाही गेला नाही.

मग योम किप्पूरचा, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास जवळ आला. ज्यांना दुखावलं त्यांची त्याआधी माफी मागायची असते. माणूस हयात नसेल, तर दहाजणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं असतं. पण ख्रिस्ती दफनभूमीत यायला सिनेगॉगमधलं, त्याच्या प्रार्थनाघरातलं कुणी तयार होईना. शेवटी लाझरनं फ्रेडाच्या नवऱ्याला, स्टॅवरोसला फोन केला.

रविवारी स्टॅवरोस आपले भाऊ, पुतणे, शेजारी असे सगळे घेऊन आला. सगळ्यांनी ज्यूंच्या रीतीप्रमाणे आठवणीनं डोकी झाकली होती.

"आमची माणसं चालतील ना तुम्हाला?" त्यानं विचारलं. "तुमची प्रार्थना येत नाही कुणाला."

"नुसतं ऐकायचंय," लाझर म्हणाला. मग तो थडग्याकडे वळला. "फ्रेडा, चुकलं माझं."

स्टॅवरोसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दरवर्षी या दिवसांत ती गाव सोडून कुठं जायची नाही," तो म्हणाला. "म्हणायची, माफी मागायचे दिवस आहेत, दादा येईल."