क्रेनला एक नट कमी

पुन्हा एक नट कमी पडला.

त्याने पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. भोकाभोकांच्या पट्ट्या, चाकं, दोरीचं रीळ, वाकलेला पाना, सगळं होतं. खेळण्यातल्या क्रेनचा हात खांबाला जोडायचा बोल्टही होता. त्याचा नट मात्र नव्हता, आणि मागच्या रविवारी तो त्याने स्वतः डब्यात टाकला होता.

"ठकू, तू पाहिलास का गं?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली. ती समोरच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. मांडीवर नेहमीप्रमाणे तिचा रोबो होता.

रोबो मामाने वाढदिवसाला दिलेला. तो नाव घेऊन हाक मारतो, पाढे म्हणतो, गोष्टी सांगतो, असं मामा सांगायचा. या घरात मात्र त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. सेल संपलेत, असं ठकू म्हणायची. नवे घालू या म्हटलं की ती त्याला छातीशी धरायची आणि झोपलाय तो, नको म्हणायची. याचा बापाला मनातून आनंदच होता. नव्या खेळण्यांचं सगळं कौतुक पाठीतल्या सेलांपुरतं. त्याचा लहानपणचा डबा बघा, अजून ठणठणीत.

तो लिफ्ट मेकॅनिक होता. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी दाराच्या फटीतून शांत आवाजात बोलत राहणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. बायको मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली तेव्हाही तो त्याच आवाजात बोलला होता. तेव्हापासून आत काही हलतच नव्हतं. जेवण व्हायचं, झोप यायची, आठवडा सरायचा. रविवारी ठकू यायची, म्हणून रविवार तेवढा वेगळा असावा, असं त्याला वाटायचं.

कंपनीने त्याला दूरच्या शहरात, वरच्या जागेवर बोलावलं होतं. गेला असता तर मुलीची भेट वर्षातून एखाद्या वेळी. पहिल्याच रविवारी त्याने ठकूला विचारलं होतं, जाऊ का म्हणून. तिने खांदे उडवले. मग त्याने माळ्यावरचा डबा काढला आणि म्हणाला, आपण दोघं मिळून एवढी क्रेन करू, मग बघू जाण्याचं. खरं तर तो एकाच गोष्टीची वाट पाहत होता. क्रेन करता करता ती एकदा तरी म्हणेल, बाबा, जाऊ नका. तेवढं म्हणाली असती तर तो गेलाच नसता.

ती काही म्हणाली नाही. उलट तिचं लक्षच नसायचं. कधी पुली हरवायची, कधी हूक, कधी बोल्ट. त्याने गाद्या झटकल्या, कपाट हलवलं आणि शेवटी हात टेकले. संध्याकाळी आई न्यायला आली की दारातूनच विचारायची, हिचा एक निळा मोजा इथे राहिलाय का. तोही सापडत नव्हता. पोरगी वेंधळी आहे, यावर दोघांचं एकमत झालं. बऱ्याच दिवसांत झालेलं ते एकमेव एकमत.

मामा एकदा बरोबर आला होता. अर्धवट क्रेन बघून त्याला हसू आवरेना. "भाऊजी, सोडा आता हे भंगार. आजकालच्या पोरांना बटण दाबलं की चालणारं लागतं." मग त्याने रोबो उचलला. "आणि हा का मुका? तुमचा गुण लागला वाटतं."

ठकूने रोबो त्याच्या हातातून काढून घेतला.

या रविवारी बापाने तयारी ठेवली होती. उद्या उत्तर हवं, असं साहेबांनी निक्षून सांगितलं होतं. त्याने खिशातून लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलचे छोटे नट-बोल्ट काढले. तारेचा हूक वाकवला. पुलीच्या जागी पडद्याच्या दांडीचं चाक बसवलं.

ठकूचे पाय हलायचे थांबले. "हे कुठून आणलं?"

"कामावरून. आता काही हरवलं तरी आपलं अडणार नाही."

त्याने दांडा फिरवला. दोरी ताठ झाली आणि हुकाने खोडरबर अलगद वर उचललं. त्याला बरं वाटलं. किती दिवसांनी, ते त्यालाही आठवेना.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली."

ती खुर्चीवरून उतरली. बूट घातले. नाड्या एरवी तो बांधायचा, आज तिच्या तिने बांधल्या. मग आई येईपर्यंत दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. क्रेन घरी नेतेस का, असं त्याने विचारलं, तर नको म्हणाली. आईबरोबर ती जिन्याकडे निघाली तेव्हा रोबो खुर्चीवरच होता.

"अगं, तुझा रोबो."

"राहू दे," ती मागे न बघता म्हणाली. "आता नको."

दार लावून तो उभा राहिला. मामाच्या रोबोचा कंटाळा आला, तसा बापाच्या डब्याचाही आला असणार. मुलांचं असंच असतं. त्याला वाईट वाटलं, पण तेही लांबून, शेजारच्या घरात काही पडल्यासारखं. त्याने साहेबांना फोन लावला आणि शांत आवाजात येतो म्हणून सांगितलं. साहेब खूश झाले. इथल्या जागेवर दुसरा माणूस आजच नेमून टाकतो म्हणाले.

निघण्याआधी रोबो निदान बोलता करून तिला पाठवावा, असं त्याच्या मनात आलं. त्याने टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले, रोबो टेबलावर पालथा घातला आणि पाठीवरचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हते. एक निळा मोजा गच्च कोंबलेला होता, आणि तो ओढून काढताच पुली, हूक, बोल्ट आणि मागच्या रविवारचा नट खळखळत पूर्ण झालेल्या क्रेनच्या पायाशी सांडले.