पाठवणीची गाडी

खलफानच्या जुन्या गाडीच्या एसीला लागणारा गॅस आता ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात मिळत नव्हता. "नवा भरायचा तर आतलं तेल, नळ्या सगळं बदलावं लागेल. चार दिवस थांबा," मेकॅनिक म्हणाला. लेक आजच त्या गाडीतून सासरी जायची होती. खलफाननं स्वयंपाकाचाच गॅस भरून घेतला. "गार मस्त होईल, पण गळला तर एक ठिणगी पुरे," मेकॅनिकनं बजावलं.

दुपारी त्याची लेक शम्सा नटूनथटून गाडीत बसली. निरोप द्यायला खलफान आत वाकला आणि त्याला गॅसचा वास आला. मागून त्याची बहीण रसरशीत निखाऱ्यांवर ऊद घातलेलं धुपाटणं घेऊन आली.

"सरक रे! उदाशिवाय पाठवतोस होय नवरी? ठेवते तिच्या पायाशी, नि काचा लावून घ्या."

खरं सांगावं, तर शेजारीच उभ्या असलेल्या व्याह्यांसमोर अब्रू जाणार. खलफाननं लेकीला ओढून बाहेर काढलं, दार लाथेनं बंद केलं आणि तिला कवटाळून तो उभा राहिला.

 

व्याह्यांनी डोळे पुसले. "भाऊ, आम्हीही जपू तिला. पण तुमच्याइतकं जपणं काही आम्हाला जमायचं नाही."