लिंबाएवढा दगड

श्रीखंडाच्या जुन्या डब्यात नुसता कापूस होता.

चिंतामणी सरांनी तो तीनदा उलगडला. तळाशी त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: यज्ञेशिया, अरियालूर. चिठ्ठी होती, दगड नव्हता. आणि अकरा वाजता राजसी पुण्याहून तो तपासायला येणार होती.

दगड कसला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं समुद्रातलं लाल शेवाळ. केव्हाच नामशेष झालेलं, चुन्याचा गोटा होऊन राहिलेलं. तमिळनाडूच्या सहलीत नऊ वर्षांच्या यज्ञेशनं ते उचललं होतं. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या बापानं एक बाजू कापून पाहिली, तर आत कांद्यासारखी गुलाबी कडी. असं शेवाळ कुणीच नोंदवलेलं नव्हतं. सरांनी त्या नव्या प्रजातीला मुलाचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी यज्ञेश तापानं गेला. सरांनी डबा बंद केला, तो वीस वर्षांत उघडायचा धीर झाला नाही.

आता परदेशातले दोघे शहाणे म्हणत होते, यात नवीन काही नाही, नाव रद्द करा. कापांच्या काचपट्ट्या उल्हासनगरच्या घरात पुराच्या पाण्यात गेल्या होत्या. मूळ दगड दाखवला तरच नाव टिकणार होतं. राजसी सरांचीच विद्यार्थिनी, पण फोनवर तिनं आडपडदा ठेवला नव्हता. "सर, दगड नसेल तर माझा नाइलाज आहे. रिपोर्ट आजच जाणार."

सकाळी सहापासून सरांनी बदलापूरजवळच्या खरवईतला आपला दोन खोल्यांचा फ्लॅट पालथा घातला. माळा झाला, कपाटं झाली, तांदळाचा डबासुद्धा झाला.

"देवाला सांगते मी," सरांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या.

"त्याला विचार, मुलगा कुठे ठेवलास म्हणून!"

यज्ञेश गेल्यापासून सर देवाचं नाव घेत नसत. सुनंदाबाईंनी मात्र पूजा एक दिवस चुकवली नव्हती. कुठंतरी धरून राहायला हवं होतं.

"उल्हासनगरहून इथं आलो तेव्हा सासूबाईंच्या पूजेतला नर्मदेचा बाण, महादेव म्हणून पुजतो तो गोटा, असाच हरवला होता. तीन दिवस जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी तुमच्या डब्यांच्या खोक्यात तळाशी पडलेला निघाला की नाही? ज्याला स्वतःला सापडायचं कळतं, त्याला दुसऱ्याचंही कळत असेल."

सर दिवाणाखाली डोकं घालून होते.

दहाला सगुणाबाई भांड्यांना आली आणि सरांचा तोल गेला. "बाई, लिंबाएवढा दगड. एक बाजू सपाट. कुठं टाकलात?"

"मी? बारा वरसं या घरात हाय मी सर. दगूड नेऊन काय चुलीत घालू?"

"मग कोणी नेला?"

ती तरातरा निघून गेली. अर्ध्या तासानं परतली ती शेजारच्या बांधकामावरचे दगड पदरात भरून. गॅलरीत सगळे ओतले. "घ्या. हाय का यात तुमचा?"

एखाद्यानं ओशाळून माफी मागितली असती. सर मात्र खरोखरच खाली बसले. सुनंदाबाई आंघोळीला गेल्या होत्या. सरांनी ओट्यावरचं लिंबू आणलं आणि एकेका दगडावर पिळायला लागले.

"हे काय करता सर?"

"चुन्याचा असेल तर आंबट लागल्याबरोबर फेस येतो. झिजतो तो."

एकाही दगडावर फेस आला नाही. सगळे इथलेच, काळे कातळ. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काडीही नव्हती. ओंजळीत तोंड खुपसून सर रडायला लागले. वीस वर्षांचं राहिलेलं रडणं होतं ते. सगुणाबाई राग विसरली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"पोराचं नाव एवढ्याच ठिकाणी उरलं होतं हो," सर म्हणाले.

पावणेअकराला फोन वाजला. राजसी बदलापूर स्टेशनवरून रिक्षात बसली होती.

देवघरात सुनंदाबाई ओलेत्यानं बसल्या होत्या. आज वार नव्हता, तरी त्यांनी सगळे देव घासायला काढले. गाऱ्हाणं घालायचं तर देव लख्ख हवेत. चिंचेनं अन्नपूर्णा झाली, बाळकृष्ण झाला. मग त्यांनी बाण घेतला. बारा वर्षं दर शनिवारी घासून तो सुपारीएवढा उरला होता, पण बूड सपाट असल्यामुळे ताम्हनात अजून लवंडत नसे.

"माझ्या यज्ञेशचं नाव राख रे," म्हणत त्यांनी उरलेली सगळी चिंच त्याच्यावर चोळली. देव प्रसन्न असला की होतं तसंच झालं. बाणावर बारीक पांढरा फेस आला.