वहाबभाऊंचं आभाळ

मोहफुलं पुन्हा भिजली. वहाबभाऊ, त्यांची बायको शमीमबी आणि लेक अमरीन यांनी अंगणातला माल ओढून ताडपत्रीखाली नेईपर्यंत अर्ध्याचा चिखल झाला होता.

आता याला काय म्हणावं! कुरखेड्यात मोहफुलं विकत घेणारे दुसरेही आहेत. ते ढग बघतात आणि माल झाकतात. वहाबभाऊ मात्र रोज चहाआधी मोबाइलवर हवामानाची साइट उघडतात, बराच वेळ बघत बसतात आणि जाहीर करतात, आज पाणी नाही. गल्लीतली माणसं हसतात. वहाबभाऊ नाही म्हणाले, चला, छत्र्या काढा.

शमीमबीचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी तुटत होता. अमरीनचा निकाह तोंडावर आला होता आणि सख्ख्या भावाला बोलावणं नव्हतं. फैज बापाचा धंदा सोडून हैदराबादला एसी दुरुस्तीच्या कामाला गेला, तेव्हा वहाबभाऊंनी बजावलं होतं, या घरात त्याचं नाव निघता कामा नये. शमीमबी नवऱ्याचं नाव घेत नसे. फैज झाल्यापासून ती त्यांना ‘फैजचे अब्बा’ म्हणे. त्या हाकेला ते ओ देईनात. मग ती ‘अमरीनचे अब्बा’ म्हणू लागली, पण ते काही तिच्या जिभेवर बसलं नाही.

वहाबभाऊ ओली फुलं निवडायला बसले, तेव्हा तिनं त्यांचा मोबाइल उचलून लेकीच्या हातात दिला. बघ म्हणाली, काय बिघडलं ते. अमरीननं साइट उघडली. वहाबभाऊंनी तिथं आपलं खातं काढलेलं होतं.

“अम्मी, इथी तं ‘माझं गाव’ म्हणून हैदराबाद लावून हाय,” ती म्हणाली. “म्हणून रोज चुकून राह्यलं. थांब, कुरखेडा करून देते.”

“नोको बदलू.” वहाबभाऊंनी मान वर केली नाही. “इथचं आभाळ तं मले अंगणातून दिसते.”

शमीमबीला भरून आलं. बाई गं, हा माणूस रोज सकाळी पोराच्या डोक्यावरचं आभाळ बघत होता, आणि आपण त्याला दगड समजत होतो! तिनं मोबाइल जवळ घेतला. खातं काढताना साइट विचारते, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? वहाबभाऊंनी सांगून ठेवलं होतं. सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘नमस्कार, फैजचे अब्बा.’

तिनं ते मनात वाचलं. मग चांगली मोठ्यानं हाक मारली.

“फैजचे अब्बा, पोराले बोलावू का निकाहाले?”

फुलं निवडणारे हात थांबले.

“बोलाव,” वहाबभाऊ म्हणाले. “अन् त्याले सांग, तिकडं सांजेले पाणी हाय. भिजत नोको येऊ म्हणा.”